क्लच दाबला की सीट मागे सरकते? जुन्या गाडीची पुढची सीट आधी खालून बघा

चढावर गाडी थांबलेली, पुढे एसटी, मागे टेम्पो. क्लच पूर्ण दाबला आणि सीट ‘टक्’ करून दोन बोटं मागे गेली. पाय अर्ध्यात राहिला, गिअर खर्रकन वाजला आणि मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न लावून धरला. हे तुमच्याबरोबर झालं असेल तर पुढचं वाचा. झालं नसेल, पण गाडी पंधरा वर्षांपुढची असेल, तरी वाचा.

माझ्याकडे २००३ ची मारुती ८०० आहे. मी गॅरेजवाला नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात फिटर म्हणून नोकरी केली, त्यामुळे हाताला पाना माहीत आहे, इतकंच. पहिल्यांदा स्वतःच्या गाडीची सीट सोडवली, मग मेव्हण्याच्या, आणि आता गल्लीत कुणाची सीट अडली की आधी माझं दार वाजतं. प्रश्न नेहमी एकच असतो: “सीट बदलायचीय, चांगला कुशनवाला कुठला?” आणि बहुतेक वेळा सीटला काहीही झालेलं नसतं. जे झालेलं असतं ते सीटच्या खाली असतं, आणि खाली वाकून कुणीच बघितलेलं नसतं.

८०० ची विक्री १९८३ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि २०१४ च्या जानेवारीत उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यांत धाकट्या ८०० नेही दहा वर्षं कधीच ओलांडलीत. इतकी वर्षं धूळ, पाऊस आणि आपलं वजन झेलल्यावर सीट जिच्यावर सरकते ती कुठलीही रेल कुरकुरणारच, त्यात गाडीला दोष देण्यात अर्थ नाही. खाली जे लिहिलंय ते हाताने सरकवायच्या सीटच्या जवळपास कुठल्याही जुन्या गाडीला चालेल. बटणावर चालणाऱ्या सीटला नाही.

लक्षणं

- क्लच किंवा ब्रेक जोरात दाबला की सीट मागे जाते. कधी जागच्या जागी हलते, कधी एक-दोन दाते सोडून सरळ मागे.
- ब्रेक मारला की सीट पुढे सरकते.
- सीट सरकवायची समोरची दांडी उचलली तरी सीट हलत नाही.
- एकच बाजू सरकते, सीट तिरकी होऊन अडकते.
- खड्ड्यातून जाताना बुडाखाली ‘कट् कट्’ वाजतं.
- पाठ टेकली की पाठीचा भाग झुलतो.
- सीट हलत नाही, पण तासाभरात कंबरेची एकच बाजू भरून येते.

पहिल्या दोनांपैकी एकही असेल तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी उभी ठेवा. घाबरवायला सांगत नाही. पेडल दाबताना आपण पाठीने आणि बुडाने सीटला मागे रेटत असतो. सीट जागेवर धरणारा खटका पकड घेत नसेल तर पायातला जोर पेडलवर जायच्या ऐवजी सीट सरकवण्यात जातो. म्हणजे जितका जोरात ब्रेक लावाल तितका पाय पेडलपासून लांब जाणार. कारुळ किंवा आंबा घाट उतरताना हे झालं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

खाली असतं काय

सीटच्या डाव्या-उजव्या बाजूला रेलची एकेक जोडी असते. खालची रेल बोल्टांनी गाडीच्या पत्र्याला धरलेली, वरची सीटच्या सांगाड्याला. दोन्हींच्या मधे गोळ्या किंवा रोलर, त्यांच्यावर सीट सरकते. एका रेलला दाते किंवा चौकोनी भोकं असतात आणि खटका स्प्रिंगच्या जोराने त्यात बसतो. समोरची दांडी उचलली की खटका सुटतो, सोडली की स्प्रिंग त्याला परत दात्यात ढकलते. काही गाड्यांत खटका एकाच बाजूला असतो. दोन्ही बाजूंना असेल तर दुसरा खटका एखाद्या तारेने किंवा सळीने त्याच दांडीला जोडलेला असतो.

बस, एवढंच यंत्र. बिघडायला जागा चारच: रेलमधली घाण, ढिले बोल्ट, दमलेली स्प्रिंग किंवा बिघडलेली तार, आणि शेवटी झिजलेले दाते. याच क्रमाने बघायचं, कारण याच क्रमाने खर्च वाढत जातो.

१. आधी कान लावा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. सपाट जागी गाडी बंद, हँडब्रेक वर, काचा बंद, रेडिओ बंद. दांडी उचला, सीट थोडी सरकवा, दांडी सोडा, आणि दांडीला हात न लावता कंबरेने मागे-पुढे रेटा. खटके दोन्ही बाजूंना असतील तर दोन ‘टक्’ ऐकू आले पाहिजेत, जवळजवळ एकत्र. एकच आला तर एक बाजू लागलेली नाही.

शेजारच्या वहिनी मला ठामपणे सांगत होत्या, “भावजी, लॉक लागतंय की, आवाज येतोय ना!” येत होता. एकाच बाजूचा. सीट एका खटक्यावर तग धरून होती आणि दुसरी बाजू मोकळी असल्याने प्रत्येक ब्रेकला तिरकी व्हायची. त्या तिरकेपणामुळे चांगला खटकाही दात्यातून उचकटायला लागला होता. म्हणून बाहेर कुणाला तरी गुडघ्यावर बसवा, दोन्ही दारं उघडी ठेवा आणि त्या माणसाला प्रत्यक्ष खटका दात्यात किती शिरतो ते बघायला सांगा. आवाज फसवतो, डोळा नाही.

ही चाचणी सगळ्या दात्यांवर करा, अगदी पुढपासून अगदी मागपर्यंत. वर्षानुवर्षं एकच माणूस गाडी चालवत असेल तर त्याच्या नेहमीच्या जागेचा दाता आधी झिजतो. बाकी सगळीकडे सीट घट्ट आणि त्याच एका जागी हलते, असं दिसलं तर घाणीचा नाही, झिजेचा प्रश्न आहे. मग साफसफाईत फार जीव घालू नका.

२. सीटखालचं संग्रहालय

टॉर्च घ्या आणि पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी बघा. मला आजवर सापडलेलं: नाणी, सुपारीचे तुकडे, पेनाचं टोपण, गणपतीच्या वेळच्या तोरणाची तार, एका गाडीत चक्क मुलाचा कंपास. रेलच्या तोंडाशी एक रुपयाचं नाणं उभं अडकलं तरी सीट शेवटच्या तीन दात्यांपर्यंत जात नाही. पाण्याची बाटली मिळाली तर आधी ती काढून फेका, ती कधी घरंगळत ब्रेकखाली जाईल सांगता येत नाही.

दोन गोष्टी मात्र हमखास बघा. एक, सीटकव्हरच्या दोऱ्या, इलॅस्टिक आणि ‘एस’ आकाराचे हुक. बाजारातलं कव्हर बसवणारा घाईत असतो, दोरी कुठल्याही सळीला गुंडाळतो. ती दोरी खटक्याच्या तारेला बांधली गेली की सीटवर बसताच कव्हर ताणलं जातं आणि खटका आपोआप अर्धा उचलला जातो! गाडी रिकामी असताना तपासलं तर सगळं ठीक. म्हणून पहिली चाचणी नेहमी सीटवर माणूस बसवून करायची. आमच्या गल्लीतल्या आबांनी याच भानगडीसाठी नवा फोम आणि नवं रेग्झिन करून घेतलं होतं. कव्हरही नवंच घातलं, बसवणाराही तोच. सीट पुन्हा सरकायला लागली. कात्रीने एक दोरी कापली आणि काम झालं. आबांचा चेहरा बघण्यासारखा होता, पण वयाने मोठे आहेत, हसता येईना.

दुसरं म्हणजे जाड मॅट. हल्ली लोक जुन्या गाडीतही सेव्हन-डी मॅट घालतात. ती जाडजूड, कडा उंच. दांडी खाली यायला जागाच उरत नाही, मग खटका पूर्ण बसत नाही. मॅट काढून चाचणी पुन्हा करा. फरक पडला तर दांडीच्या खालचा भाग कापून टाका किंवा मॅटच परत करा.

३. साफ करा, मग ग्रीस. उलट नाही

इथे थोडा वेळ घालवा, कारण अर्ध्याअधिक सीट इथेच बऱ्या होतात.

सीट पूर्ण मागे घ्या, पुढची उघडी रेल साफ करा, मग सीट पूर्ण पुढे घेऊन मागची. आधी कोरडं: जुना टूथब्रश, बारीक पेचकस, व्हॅक्यूम असेल तर उत्तम. ओल्या फडक्याने सुरुवात केली तर मातीचा चिखल होऊन आत जातो. मग गंज सोडवणारा स्प्रे मारा, दहा मिनिटं थांबा, सीट दहा-बारा वेळा पूर्ण पुढे-मागे करा, बाहेर आलेला काळा राडा पुसा. राडा येणं थांबेपर्यंत हेच. कुणी जुनं ग्रीस, त्यावर धूळ, त्यावर पुन्हा ग्रीस असं वर्षानुवर्षं चढवलेलं असेल तर ते सगळं निघायला हवं. वाळू मिसळलेलं ग्रीस म्हणजे पॉलिशची पेस्टच. प्रत्येक सरकवण्यात दाते घासले जातात.

रेल चिकट लागत असेल आणि स्प्रेने सुटत नसेल तर तो सांडलेला चहा किंवा उसाचा रस आहे. साखर तेलात विरघळत नाही. कोमट पाण्यात फडकं पिळून पुसा, एका झटक्यात निघते. मग रेल पूर्ण वाळवा.

शेवटी पांढरं लिथियम ग्रीस, बोटाच्या टोकावर येईल इतकंच, जिथे गोळ्या फिरतात तिथे. दात्यांवर नुसता हात फिरवल्यासारखं. निव्वळ स्प्रेवर सोडून देऊ नका, तो गंज सोडवतो, पण महिन्याभरात उडून जातो. जळकं इंजिन ऑइल ओतणारे लोक आहेत, त्यांच्या कार्पेटकडे आणि पँटींकडे बघा म्हणजे ते का ओतू नये ते कळेल. रॉकेल-पेट्रोलने रेल धुवायचा मोहही आवरा. बंद गाडीत पेट्रोलची वाफ साठते आणि एका ठिणगीचं काम उरतं.

सीट वर्षानुवर्षं हललेलीच नसेल आणि जाम असेल तर स्प्रे मारून रात्रभर सोडा. सकाळी एकाने दांडी उचलून धरायची, दुसऱ्याने मागच्या सीटवर बसून पायाने सारखा दाब द्यायचा. धक्के नकोत, आणि रेलवर हातोडी तर अजिबात नको. रेल पातळ पत्रा वाकवून केलेली असते. एक पोचा पडला की गोळी तिथे कायमची अडणार. आणि जाम सीट सोडवल्याशिवाय पुढची कामं होतही नाहीत, कारण पुढचे बोल्ट दिसायला सीट मागे जावी लागते आणि मागचे दिसायला पुढे.

आमच्याकडे यात एक वेगळा प्रकार आहे: महापुराच्या गाड्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा-कृष्णेच्या पाण्यात कितीतरी गाड्या बुडाल्या, धुऊन-पुसून विकल्याही गेल्या. अशा गाडीच्या रेलमधे मैद्यासारखा बारीक गाळ निघतो आणि सीटखालच्या स्प्रिंगा तपकिरी असतात. जुनी गाडी घेताना पुढचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. आतल्या भागावर मातीची आडवी रेघ असेल तर पाणी कुठवर चढलं होतं ते लिहिलेलंच आहे. अशा गाडीत नुसत्या ग्रीसवर समाधान मानू नका, सीट बाहेर काढून खालचा पत्रा बघावाच लागतो.

४. बोल्ट

‘कट् कट्’ आवाजाचं पहिलं कारण हेच. सीट मागे घेऊन पुढचे, पुढे घेऊन मागचे बोल्ट तपासा. जपानी वळणाच्या गाड्यांत ८ मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं साधारण १२ चं असतं, तर आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानातल्या बोल्टचं १३ चं. म्हणून चारांपैकी एकाला १३ ची गोटी (सॉकेट) लागली तर समजा की मधे कुणीतरी काम करून गेलंय, आणि तो बोल्ट काढून नीट बघा. डोक्यावर ‘८.८’ असं कोरलेलं हवं, ती बोल्टच्या ताकदीची खूण. काहीच कोरलेलं नसेल तर तो कपाटाचा बोल्ट आहे, सीटचा नाही. अपघातात तुमचं वजन कित्येक पटींनी या चार बोल्टांवर येतं, तिथे दहा रुपये वाचवायचे नसतात. मूळ बोल्टपेक्षा लांब बोल्टही घालू नका. पत्र्याखालून इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या जातात, त्यांना टोक लागता कामा नये.

किती आवळायचा? गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधे आकडा असेल तर तोच खरा. नसेल तर ८ मिलिमीटरच्या ८.८ बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर, म्हणजे वीतभर रॅचेटवर बारा-तेरा किलोचा जोर. पान्याला पाइप लावून लटकायचं काम नाही. खालचा नट पत्र्याला आतून वेल्ड केलेला असतो. आटे गेले किंवा नट सुटून फिरायला लागला की दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं.

बोल्ट नुसता फिरतच राहतोय, घट्ट होत नाही? थांबा. हे घरचं काम नाही.

५. स्प्रिंग आणि तार

रेल स्वच्छ, बोल्ट घट्ट, आणि तरी एकच ‘टक्’? आता दुसऱ्या बाजूचा खटका बोटाने दाबून बघा. बोटाने ढकलल्यावर दात्यात पूर्ण बसतो, पण आपोआप जात नाही, म्हणजे स्प्रिंग दमली आहे किंवा निसटली आहे. निसटली असेल तर लांब तोंडाच्या पकडीने परत अडकवा. डोळ्यांवर चष्मा असू द्या, ताणलेली स्प्रिंग सुटली की सरळ तोंडाकडे येते.

तारेचं गणित लोक उलटं समजतात. तार खटका लावत नाही, ती फक्त सोडवते. लावायचं काम स्प्रिंगचं. त्यामुळे तार तुटली तर ती बाजू लागलेली राहते, सीट हलत नाही, त्रास होतो पण धोका नाही. खरा धोका तार जास्त ताणलेली असण्यात आहे, कारण मग खटका कायम अर्धा उचललेला राहतो. गॅरेजमधे “सीट जड सरकते” अशी तक्रार केली आणि कुणी तार आवळून दिली, त्यानंतर सीट सुटायला लागली, हे मी तीनदा पाहिलंय. दांडी खाली असताना तारेला दोन-तीन मिलिमीटर ढील हवीच. बोटाने तार हलवली तर ती हलली पाहिजे.

तार बदलायची झाली तर मूळ भाग मिळतो का ते आधी बघा. मिळाला नाही तर स्कूटरच्या क्लच वायरच्या आतली तार चालते, पण टोकं नीट क्रिम्प केलेली, म्हणजे धातूच्या टोपीत दाबून पक्की केलेली हवीत. स्प्रिंग मात्र मापाचीच. चपलेच्या टपरीतलं रबर लावलेली एक गाडी माझ्याकडे आली होती. त्यावर काही बोलत नाही.

६. पाठ झुलत असेल तर

पाठीचा खटका म्हणजे लिव्हरने पाठ मागे-पुढे करायचं यंत्र. याचे बिजागराचे बोल्ट बाहेरून दिसतात, ते आवळून बघा. सीटकव्हरचं रेग्झिन लिव्हरखाली अडकलंय का बघा. एवढ्याने झोल गेला तर उत्तम. नाही गेला, किंवा जोरात टेकल्यावर पाठ एकदम एक दाता मागे पडली, तर आतले दाते गेलेत. ते उघडू नका. आत जोरात गुंडाळलेली पट्टीची स्प्रिंग असते, हात फोडते. हा भाग पूर्णच बदलायचा असतो, दुरुस्त करायचा नसतो.

७. सीट बाहेर काढायची वेळ

इथवर जमलं नाही किंवा पत्रा बघायचाच आहे, तर सीट काढा. आधी सीटखालून वायर जातेय का बघा. पट्टा लावल्याचा दिवा असणाऱ्या गाडीत एखादी वायर असते, ती सुटी करा. पिवळ्या रंगाचं कनेक्टर किंवा पिवळी वायर दिसली तर हात लावू नका. तो एअरबॅगचा किंवा पट्टा खेचणाऱ्या यंत्राचा मामला आहे. चालकाची एअरबॅग नव्या गाड्यांना १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, म्हणून जुन्या गाडीत बहुधा काहीच नसेल. पण ‘बहुधा’वर हात घालायचा नाही, वाकून बघायचं.

पट्ट्याचं कुलूप, म्हणजे आपण जीभ खुपसतो तो भाग, काही गाड्यांत पत्र्याला असतो, काहींत सीटच्या सांगाड्याला. त्याचा बोल्ट जाड आणि इंची मापाचा असतो, बहुतेक गाड्यांत ७/१६ इंच, इंचाला २० आटे. त्याच्या जागी मिलिमीटरचा बोल्ट घुसवला की आटे गेलेच. काढलेला बोल्ट आणि वायसर एका डबीत वेगळे ठेवा, सीटच्या बोल्टांत मिसळू नका.

चारही बोल्ट काढल्यावर सीट मागे झुकवून दारातून बाहेर घ्या. दाराच्या उंबऱ्यावर जुनी गोधडी टाका, रेलची कड रंगाला चरे पाडते. एकट्याने उचलू नका. वजन फार नसतं, पण वाकून, वळून उचलावं लागतं आणि कंबर तिथेच धरते.

आता उजेडात रेल बघा. दोन्ही रेल समांतर आहेत का, गोळ्या पूर्ण आहेत का, दात्यांच्या कडा चौकोनी आहेत की साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्यात, वेल्डच्या जागी केसासारखी भेग आहे का. मग कार्पेट उचला. पेचकसाच्या मुठीने बोल्टच्या भोकांभोवतीचा पत्रा ठोका. टणटणीत आवाज आला तर ठीक. बद्द वाजला, पापुद्रे निघाले किंवा पेचकस आत गेला, तर आजचं काम संपलं.

परत बसवताना सगळ्यांत जास्त होणारी चूक: एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा शोधणं. रेल थोडी तिरकी बसते आणि साफ केलेली सीटही जड सरकते, मग माणूस पुन्हा ग्रीस शोधायला जातो. चारही बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे धरेपर्यंत लावा. सीट पूर्ण मागे, पुढचे दोन बेताने आवळा. सीट पूर्ण पुढे, मागचे दोन. एकदा पूर्ण सरकवून बघा, मोकळी आहे? मग शेवटचं आवळणं.

८. बसणी खचली असेल

कंबर दुखण्यावर लोक आधी नवा फोम घालतात. आधी सीट उलटी करून खालची जाळी, स्प्रिंगा किंवा रबरी पट्टे बघा. चालकाच्या सीटवर चढता-उतरताना वजन दाराकडच्या कडेवर पडतं, त्यामुळे त्या बाजूचा एखादा हुक तुटतो आणि बसणी तिकडे कलते. तो हुक न बसवता वर कितीही फोम घातला तरी महिन्याभरात पुन्हा तेच. फोम खरंच मेला असेल तर कुशनवाल्याला ४० डेन्सिटीचा सांगा, पण जाडी मूळ जितकी होती तितकीच ठेवा. जास्त उंच बसलात की डोकं छताला आणि गुडघा स्टिअरिंगला लागतो.

९. दुसरी सीट

रेलचे दाते गेले किंवा सांगाड्याला भेग असेल तर मात्र सीट किंवा रेल बदला. त्याच मॉडेलची, शक्यतो त्याच काळातली, जुनी सीट बघा. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, इतरत्र तुमच्या गावच्या भंगार बाजारात. जाताना कागदावर चारही भोकांमधली अंतरं आणि दोन्ही कर्ण लिहून न्या. नाव तेच असलं तरी मधल्या वर्षांत भोकं हललेली असतात. डावी सीट उजवीकडे घालायचा विचार सोडा, पाठीचा लिव्हर गिअरच्या बाजूला येतो आणि कुलपाची जागा चुकते. दुकानातच सीट जमिनीवर ठेवून दोन ‘टक्’ची चाचणी करा. तिथला माणूस वैतागेल, वैतागू दे.

मोठ्या गाडीची ‘आरामदायक’ सीट लोखंडी पट्ट्या जोडून छोट्या गाडीत बसवून देणारे भेटतील. मी बसवत नाही आणि कुणाला बसवू देत नाही. त्या पट्टीच्या ताकदीचा हिशोब कुणी केलेला नसतो.

कुठे थांबायचं

खालचा पत्रा सडलेला, वेल्ड केलेला नट सुटलेला, रेलला भेग किंवा अपघाताने आलेला बाक, पाठीचे दाते सुटणारे, पिवळी वायर, किंवा सीट काढ-घाल केल्यावर पेटून राहिलेला एअरबॅगचा दिवा. यातलं काहीही दिसलं तर पाना खाली ठेवा. पत्र्याचं काम चांगल्या डेंटरकडे, एअरबॅगचं अधिकृत वर्कशॉपमधेच. पत्र्याला वेल्डिंग होणार असेल तर सीट, कार्पेट आणि फोम सगळं आधी बाहेर काढलंय, बॅटरी सुटी केलीय आणि खालच्या इंधनाच्या नळ्या बाजूला घेतल्यात, हे स्वतः उभं राहून बघा. गॅसवर चालणारी गाडी असेल तर आधी गॅसच्या किटवाल्याला विचारा.

“रेलला एक टाका मारतो, सीट जन्मात हलणार नाही” असं कुणी म्हणालं तर नम्रपणे गाडी घेऊन निघा. आचेने रेलची ताकद कुठे किती गेली ते बाहेरून दिसत नाही. आणि घरात दोघं चालवणारे असतील तर एकाच्या मापावर जखडलेली सीट दुसऱ्यासाठी रोजचा धोका आहे.

गाडी रस्त्यावर काढायच्या आधी

सीट तुमच्या मापाला लावा. क्लच तळाशी दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाठ टेकून हात लांब केले की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. एअरबॅग असेल तर छाती आणि स्टिअरिंगमधे किमान २५ सेंटिमीटर. हे सगळं गाडी उभी असताना. चालत्या गाडीत दांडीला हात लावणाऱ्या माणसाला मी पुन्हा मदत करत नाही, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

मग रिकाम्या मैदानात, पट्टा लावून, पंधरा-वीसच्या वेगाने दोन-तीनदा ब्रेक मारा. त्यानंतर गाडी बंद करून हँडब्रेक ओढा आणि क्लच पूर्ण जोराने दाबून धरा. सीट एक मिलिमीटरही हलली तर पहिल्या चाचणीकडे परत. हलली नाही तर पंधरा दिवस चालवा आणि मग चारही बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा. रंग, गंज आणि कार्पेट दबून बसले की एखादा बोल्ट पाव फेरा ढिला मिळतोच.